७६ चौकोन आणि मधला काळपट डाग

प्रश्न : नमस्कार. आईच्या आणि सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या, मुलांचे आखूड झालेले शर्ट आणि शिंप्याकडून मिळालेले ब्लाउजचे तुकडे जमवून मी गोधडीसाठी ७६ चौकोन शिवले आहेत. प्रत्येक चौकोन चार ठिगळांचा, शिवल्यावर ८ इंच भरेल असा. रुंदीला ७ आणि लांबीला १० लावायचे आहेत. तीन दिवस झाले, हॉलच्या फरशीवर मांडते आणि संध्याकाळी गोळा करून ठेवते. कसंही मांडलं तरी मध्ये कुठेतरी काळपट डाग पडल्यासारखं दिसतं. एक पिवळाजर्द चौकोन तर कुठेही ठेवला तरी खुपतो. आईची जांभळी साडी बऱ्याच चौकोनांत आहे, तिचे तुकडे नेमके शेजारी शेजारी येतात. दोन ओळी शिवून उसवल्या. सासूबाई म्हणतात, गोधडीत कसली आलीये मांडणी, हाताला येईल ते लावत जायचं. मुलगी म्हणते, इंद्रधनुष्यासारखं रंगवार लाव. फोटो सोबत पाठवते आहे. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यांच्या पद्धतीच्या गोधडीसाठी ते अगदी बरोबर आहे. हाताने शिवायच्या गोधडीत खाली जुनं लुगडं अंथरतात, त्यावर थर देतात आणि कडेपासून आत ठिगळं लावत धावदोरा घालत जातात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून मध्याकडे भरत येते. तिथे प्रत्येक ठिगळ जागेवर ठेवून, शेजारी काय आहे ते बघूनच टाका पडतो. म्हणजे मांडणी होतेच, फक्त ती शिवता शिवता होते. शिवाय ठिगळं लहानमोठी असतात आणि वरून सगळीकडे एकसारखा दाट धावदोरा येतो, त्यामुळे रंगांची धार बोथट होते.

तुमचे चौकोन मात्र सगळे एका मापाचे आहेत. एकसारख्या मापाची जाळी तयार झाली की डोळा आपोआप सारख्या गोष्टी शोधू लागतो. लहानमोठ्या ठिगळांत जी पुनरावृत्ती लपून जाते ती इथे उघडी पडते. म्हणून तुम्हाला आधी पूर्ण मांडून मगच शिवावं लागेल. हाताला येईल ते लावलं तर जे होतं, ते तुम्ही तीन दिवस पाहताच आहात.

मुलीची कल्पना सुंदर आहे, पण या चौकोनांना ती मानवणार नाही. रंगवार उतरण तेव्हाच दिसते, जेव्हा एक चौकोन एकाच रंगाचा असतो. तुमच्या बऱ्याच चौकोनांत लाल, निळं आणि पांढरं एकत्र नांदतंय. त्यांना इंद्रधनुष्यात जागाच नाही. पुढच्या वेळी अखंड तुकड्यांचे चौकोन कापाल तेव्हा ती करून बघा.

आता डाग. तुमच्या फोटोत चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्यावर पाहा. तिथे चार चौकोन असे आले आहेत की प्रत्येकाचं गडद ठिगळ एकाच कोपऱ्याकडे तोंड करून आहे. एकेक ठिगळ चारच इंचांचं, पण चार मिळून ८ इंचांचा सलग काळपट चौकोन झाला. तुम्ही चौकोन उचलून इकडचा तिकडे ठेवता, पण डाग ज्यातून तयार होतो ते चौकोनाच्या आत आहे. तुमच्याकडे असे बरेच चौकोन आहेत, ज्यांत दोन ठिगळं गडद आणि दोन फिकट, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. त्यांना आपण चौकडीचे म्हणू. दोन चौकडीचे शेजारी आले, एकाचं तोंड इकडे आणि दुसऱ्याचं तिकडे असलं, की गडदाला गडद आणि फिकटाला फिकट भिडतं. एक चौकोन पाव फेरी फिरवला तर तिथला डाग सुटतो आणि पलीकडच्या कोपऱ्यात नवा पडतो. यावर खात्रीचा इलाज एकच : चौकडीचे दोन चौकोन एकमेकांना लागूच द्यायचे नाहीत, कोपऱ्यालासुद्धा.

हे जमवायचं तर चौकोनांकडे रंगाच्या आधी गडद-फिकट म्हणून पाहायला शिका. गोधडी लांबून पाहताना लाल आणि हिरवा हा फरक डोळ्याला उशिरा कळतो, गडद आणि फिकट हा लगेच कळतो. मरून, बाटली हिरवा आणि नेव्ही हे तीन वेगळे रंग आहेत, पण शेजारी ठेवले तर लांबून एकच काळोख दिसतो. मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

चौकोन वेगळे करायला दिवसाचा उजेड घ्या. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा आणि पांढरा एकच वाटतो, काळा आणि नेव्ही ओळखू येत नाही. सगळ्यांत गडद चौकोन एका टोकाला, सगळ्यांत फिकट दुसऱ्या टोकाला ठेवा आणि बाकीचे डोळे किलकिले करून त्यांच्याशी ताडून पाहा. फार विचार करू नका. पहिल्या नजरेला जे वाटतं ते बरोबर असतं, कारण गोधडीकडे कोणी निरखून बघत नाही. अडलंच तर फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. त्यात लाल-हिरव्याची फसवणूक निघून जाते. मात्र काळ्या-पांढऱ्या फोटोत भडकपणा दिसत नाही. पोपटी, राणी, लिंबू पिवळा त्यात गरीब करडे होऊन बसतात. म्हणून रंगीत फोटोही हवाच.

एक लक्षात ठेवा, मध्यम छटेचं स्वतःचं असं काही नसतं. तोच तपकिरी पांढऱ्याशेजारी गडद वाटतो आणि काळ्याशेजारी फिकट. त्यामुळे मधल्या चौकोनांबद्दल जीव आटवू नका, दोन टोकं नीट वेगळी झाली की पुरे.

आता पाच ढीग करा. पहिला गडद. दुसरा फिकट. तिसरा मध्यम, पण लाल, गुलाबी, केशरी, पिवळ्याकडे झुकणारे. चौथा मध्यम, निळ्या-हिरव्याकडे झुकणारे, जांभळाही इथेच. पाचवा चौकडीचे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मोजलं तर गडद १९, फिकट ११, लाल बाजूचे १८, निळ्या बाजूचे १२ आणि चौकडीचे १६ भरतात. एखाददुसरा इकडेतिकडे होईल. ७० चौकोनांसाठी प्रत्येक ढिगात बरोबर १४ हवेत. ते का, ते पुढे कळेलच.

निळ्या बाजूला दोन कमी आहेत. गडद ढिगातले नेव्हीचे दोन त्यात टाका, कोणाच्या लक्षात येणार नाही. फिकट मात्र तीन कमी आहेत आणि ते नवे शिवावेच लागतील. घरच्या तुकड्यांची गोधडी करताना फिकट नेहमीच कमी पडतं. साड्या आणि शर्ट जपून ठेवले जातात ते आवडीचे, म्हणजे बहुधा रंगाचे. पांढरट कपडा मळतो, फाटतो आणि पोतेऱ्याला जातो. फिकट कमी पडलं की गोधडी नुसती गडद होत नाही, ती मिळमिळीत होते, कारण गडदाला उठाव द्यायला शेजारी काही उरत नाही. तीन चौकोनांना साडेचार इंचांचे १२ तुकडे लागतील. ४ गुणिले ३ असे बसवले तर १८ बाय साडेतेरा इंच कापड, म्हणजे ब्लाउजपिसाचा अर्धा भागही लागणार नाही. जुनं धोतर चालेल, फिकट शर्टाची पाठ चालेल. छापील सुती कापडाची उलटी बाजू तर फारच छान चालते. नक्षी तीच राहते, छटा एकदम फिकट होते. तुमच्या फोटोतल्या निळ्या फुलांच्या शर्टाचा तुकडा उरला असेल तर तो उलटा लावून बघा.

या सगळ्यानंतर तुमच्याकडे ७९ चौकोन होतील आणि ९ उरतील : गडदातले ३, लाल बाजूचे ४, चौकडीचे २. कोणते बाहेर ठेवायचे हे ठरवताना मापाचाही विचार करा. सगळे चौकोन इस्त्री करून मोजा, न जोडलेला चौकोन साडेआठ इंच भरायला हवा. सव्वाआठपेक्षा लहान असलेले बाहेर काढा. मोठे असतील ते छाटा, पण मधली शिलाई दोन्ही बाजूंनी मध्यावरच राहील असं पाहून. एका कडेनेच छाटलं तर ठिगळं असमान होतात आणि जोडताना शेजारच्या शिलाईशी शिलाई भेटत नाही.

मांडणी अशी करा. ढिगांना १ ते ५ आकडे दिलेत ना, आता आडव्या ओळी या क्रमाने लावा :

पहिली ओळ : १ २ ३ ४ ५ १ २
दुसरी ओळ : ३ ४ ५ १ २ ३ ४
तिसरी ओळ : ५ १ २ ३ ४ ५ १
चौथी ओळ : २ ३ ४ ५ १ २ ३
पाचवी ओळ : ४ ५ १ २ ३ ४ ५

सहावी ओळ पुन्हा पहिलीसारखी, सातवी दुसरीसारखी, असं करत दहावी पाचवीसारखी. ध्यानात ठेवायला सोपं आहे : ओळीत आकडा एकेकाने वाढतो, आणि खालची ओळ वरच्यापेक्षा दोनाने पुढे सुरू होते. बोट ठेवून तपासा, कुठलाही आकडा स्वतःच्या आकड्याला वर, खाली, बाजूला किंवा कोपऱ्यातही लागत नाही. सारखे आकडे एकमेकांपासून बुद्धिबळातल्या घोड्यासारखे अडीच घरांवर पडतात. अडीच घरांची उडी डोळ्याला सरळ रेषेत पकडता येत नाही, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं सहज विखुरलंय. ७ बाय १० च्या मांडणीत प्रत्येक आकडा बरोबर १४ वेळा येतो, म्हणून ढिगात १४. गोधडी दुसऱ्या मापाची असेल तरी हाच क्रम चालतो, फक्त ढिगांची मोजणी बदलते.

कोपऱ्यांकडे एकदा पाहा. वरचा उजवा कोपरा फिकट आला आहे. कोपरा फिकट असला की गोधडीचा तेवढा तुकडा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. तो चौकोन आणि त्याच्या बरोबर खालचा, म्हणजे दुसऱ्या ओळीचा शेवटचा, यांची अदलाबदल करा. एवढ्या एका अदलाबदलीने नियम कुठेच मोडत नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकडीचा चौकोन येतो, त्याचं गडद ठिगळ बाहेरच्या टोकाला येईल असा तो फिरवा.

फरशीवर मांडण्याबद्दल थोडं. उभं राहून पाहिलं तर पायाजवळच्या ओळी मोठ्या आणि लांबच्या लहान दिसतात, त्यामुळे तुम्ही जवळच्या दोन-तीन ओळींचीच काळजी करत बसता. जागा असेल तर भिंतीवर फलालीनचं कापड ताणून लावा. सुती तुकडे त्यावर टाचणीशिवाय चिकटून राहतात. फलालीन नसेल तर फरशीच बरी, पण स्टुलावर उभं राहून वरून फोटो काढा आणि निर्णय फोटोवरून घ्या. फोटो बोटाएवढा लहान करून पाहिला की डाग चटकन कळतो. फोन उलटा धरून पाहा, म्हणजे ही आईची साडी आणि हा बाळाचा शर्ट ही ओळख पुसली जाते आणि नुसते गडद-फिकट ठिपके उरतात. आणि मांडण्याआधी पंखा बंद करा.

आता जांभळी साडी. पाच ढिगांच्या क्रमाने ढीग वेगळे राहतात, पण एकच साडी गडद ढिगातही असेल आणि चौकडीतही. त्यासाठी मूठभर चिंचोके घ्या. जिथे जिथे जांभळ्या साडीचं ठिगळ आहे तिथे एकेक चिंचोका ठेवा आणि सगळीकडे ठेवून झाल्यावरच पाहा. दोन चिंचोक्यांमध्ये वीतभरही अंतर नसेल तर काहीतरी करायला हवं. आधी चौकोन जागच्या जागी फिरवून बघा. चार ठिगळांच्या चौकोनात बहुतेक भानगडी एका पाव फेरीत मिटतात. नाहीच मिटली तर अदलाबदल करा, पण त्याच ढिगातल्या दुसऱ्या चौकोनाशी. लालाच्या जागी लाल आणि गडदाच्या जागी गडद गेला तर सगळा क्रम शाबूत राहतो. वेगळ्या ढिगातला उचलून आणलात की पुन्हा डाग, आणि मग तो मोडायला तिसरा, असं ते लांबत जातं. तुमचे तीन दिवस असेच गेले असावेत.

पिवळ्याजर्द चौकोनाचा दोष एवढाच की तो एकटा आहे. एकटा भडक रंग सांडलेल्या हळदीसारखा दिसतो. तोच रंग तीन जागी दिसला तर तो मुद्दाम ठेवलेला वाटतो. तिसऱ्या ढिगातल्या दोन चौकोनांतलं एकेक ठिगळ उसवा आणि तिथे साडेचार इंचांचा पिवळा तुकडा बसवा. अगदी तोच पिवळा नसला तरी मोहरीचा किंवा हळदी चालेल. नात्यातला हवा, जुळा नको. मग हे तिन्ही तिसऱ्या आकड्याच्या जागांवरच ठेवा : दुसऱ्या ओळीत सहावा, चौथ्या ओळीत दुसरा आणि आठव्या ओळीत चौथा. असा वेडावाकडा त्रिकोण होतो आणि नजर एका जागी अडकून राहत नाही. सगळ्यांत भडक तो मूळचा चौकोन वरच्या जागी द्या, मध्यावर नको. राणी रंग, पोपटी, जरीची बुट्टी, शर्टाची मोठी चौकट यांनाही हाच न्याय : एक नको, तीन किंवा पाच हवेत, आणि एका ओळीत किंवा एका उभ्या रांगेत दोन नकोत.

वापराच्या अंगानेही काही जागा आधीच ठरवून ठेवा. वरच्या ओळीत जरीचा काठ किंवा खण घेऊ नका. पांघरताना तीच ओळ गालाला लागते आणि जर टोचते. हात घालून ओढायची जागाही वरची कड आणि दोन्ही बाजू. म्हणून जीर्ण साडीचे विरत आलेले तुकडे तिसऱ्या ते आठव्या ओळीत, आतल्या बाजूला ठेवा. चौफेर २ इंचांची पट्टी लावली तर गोधडी ६० बाय ८४ इंच होईल. ३ फुटी पलंगावर ती दोन्हीकडे १२ इंच खाली येते, म्हणजे पहिली आणि सातवी उभी रांग पूर्ण लोंबते आणि दुसरी व सहावी पलंगाच्या कडेवर मोडते. तुमच्या आवडीचे चौकोन तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रांगेत असू द्या. तिथेही अदलाबदल त्याच ढिगात.

लाल आणि नीळ रंगाच्या तुकड्यांबद्दल एक काम मांडणीच्या आधी उरका. पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक गडद लाल, मरून आणि निळ्या ठिगळावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो चौकोन बाहेर. पांढऱ्यापासून लांब ठेवून भागणार नाही, कारण धुताना सगळी गोधडी एकाच पाण्यात असते. टेरिकॉटचा शर्ट आणि सिंथेटिक साडीही बाहेर. सुती कापड धुण्यात आटतं, ते आटत नाही आणि शेजारच्या शिलाईवर कायमची चुणी बसते.

क्रम लागला, चिंचोके ठीक बसले, की अदलाबदलीला मर्यादा घाला. दहा, त्यापुढे एकही नाही. इतक्या नियमाने लावलेल्या मांडणीत मुद्दाम दोन-तीन जागा चुकवायला हरकत नाही, उलट ती जिवंत वाटते. पण चौकडीच्या चौकोनांना मात्र हात लावू नका. प्रत्येक बदलानंतर फोटो काढा आणि शेवटी सगळे फोटो ओळीने पाहा. पुष्कळदा पाचवा बदल दहाव्यापेक्षा चांगला निघतो.

मग गोळा करण्याआधी, आणि ही पायरी अजिबात चुकवू नका, प्रत्येक चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी टाचा. त्यावर आधी ओळ, मग जागा : ३-५ म्हणजे तिसऱ्या ओळीतला पाचवा. चिठ्ठी नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातच हवी, म्हणजे चौकोन कुठल्या बाजूने वर होता हे मशीनवर गेल्यावरही कळतं. नुसती ओळीवार चळत करून ठेवली तर जागा लक्षात राहते पण फिरकी हरवते, आणि तुम्ही पाव फेरी फिरवून मिटवलेलं सगळं शिवताना परत येतं. तुमच्या उसवलेल्या दोन ओळींतही असंच झालं असण्याची शक्यता आहे, फोटोतल्या मांडणीत आणि शिवलेल्या ओळीत दोन चौकोन फिरलेले दिसतात.

शिवताना एका वेळी एकच ओळ मशीनजवळ न्या. माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर उरणारी कड, पाव इंच, सगळीकडे सारखी. ही मायाच पुढे रडवते : प्रत्येक शिलाईत माया अर्ध्या सुताने, म्हणजे एक सोळांश इंचाने जास्त गेली, तरी दोन्ही बाजू मिळून एक सूत कापड खातं, आणि ओळीतल्या सहा जोडांत ओळ पाऊण इंच आखूड होते. मग ती खालच्या ओळीशी जुळवायला ताणावी लागते आणि मांडलेले कोपरे सरकतात. प्रत्येक ओळ शिवून झाली की मोजा, साडेछप्पन्न इंच भरली पाहिजे. पाव इंच इकडेतिकडे असेल तर इस्त्रीने आणि टाचण्यांनी सावरता येतं. त्याहून जास्त असेल तर उसवा, पुढे ढकलू नका.

इस्त्री करताना पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीची माया उजवीकडे पाडा, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीची डावीकडे. दोन ओळी जोडताना माया समोरासमोर बसते, बोटाने चाचपली तरी जोड कळतो आणि तिथे जाडी साचत नाही. चौकोनांच्या मधल्या शिलाया मात्र फिरवाफिरवीमुळे कुठे एकाच बाजूला पडलेल्या सापडतील. तिथे शिलाईच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावून सावकाश मशीन चालवा. दहाही ओळी जोडल्यावर लांबी साडेऐंशी इंच यायला हवी.

भोवतालच्या पट्ट्या अडीच इंच रुंद कापा. आधी लांबीच्या दोन, साडेऐंशी इंचांच्या, मग रुंदीच्या दोन, साडेसाठ इंचांच्या. रंग गडद आणि शक्यतो बिननक्षीचा घ्या. आईच्या जांभळ्या साडीचा काठ तेवढा लांब निघत असेल तर त्याच्याइतकी चांगली पट्टी नाही, पण मग चौकोनांतले जांभळे तुकडे कडेच्या ओळींतून आत सरकवा, नाहीतर ते काठात विरघळतात. ही लांबी हिशेबाची झाली, तेवढ्यावरून पट्टी आधीच कापून लावू नका. गोधडीची लांबी मध्यावर मोजा आणि त्या मापाची पट्टी कापा. कडेवर मोजलं तर ताणलेल्या कडेचं खोटं माप येतं आणि पट्टीला झालर पडते.

उरलेले नऊ चौकोन ३ बाय ३ जोडले तर २४ इंचांचं बसकर होईल. पण ते लगेच शिवायला घेऊ नका. गोधडी टाचून, धावदोरा घालून एकदा धुतली की एखादा जुन्या साडीचा तुकडा विरलेला निघतोच. त्यावर बसवायला त्याच ढिगातला एक चौकोन हाताशी हवा : कडा पाव इंच आत दुमडायच्या, जुन्या चौकोनावर जागच्या जागी ठेवायचा आणि लपत्या टाक्याने चारही बाजूंनी शिवायचा. एक धुणं पार पडलं आणि सगळं शाबूत निघालं, की मग बसकर.